अकरावीतच पदवीचं क्रेडिट: पुण्यातल्या महाविद्यालयाने असा अभ्यासक्रम कसा उभारावा

अकरावी-बारावीच्या मुलांना पदवीचा एखादा विषय शिकवणं फारसं अवघड नाही. पुण्यात तर शिकवणारेही भरपूर आणि शिकायला उत्सुक मुलंही भरपूर. अवघड आहे ते या शिकण्याचं क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी जमा होणारे श्रेयांक, दोन वर्षांनी प्रवेशाच्या खिडकीवर खरंच धरलं जाणं. बहुतेक ठिकाणी उत्साहाच्या भरात आधी वर्ग सुरू होतो, परीक्षा होते, प्रमाणपत्रं वाटली जातात, आणि मग कोणीतरी विचारतं, ‘याचं क्रेडिट नेमकं कुठे लावायचं?’ तोवर पालकांना शब्द देऊन झालेला असतो. म्हणून या लेखातला क्रम थोडा उलटा वाटेल. आधी कागद, मग वर्ग.

हा लेख मुख्यतः सिनिअर कॉलेजच्या विभागप्रमुखांसाठी आणि ज्युनिअरच्या उपप्राचार्यांसाठी आहे. स्वतंत्र उच्च माध्यमिक शाळा चालवणाऱ्यांनाही तो उपयोगी पडेल.

अमेरिकेत ही पद्धत जुनी आहे. तिथलं हायस्कूल बारावीपर्यंत असतं आणि त्याच वर्गात बसून विद्यापीठाचा अभ्यासक्रम पूर्ण करता येतो. अशा कार्यक्रमांची राष्ट्रीय संघटना १९९९ साली स्थापन झाली. तिच्या निकषांचा गाभा असा: विद्यापीठात जो अभ्यासक्रम तोच शाळेत, जे मूल्यमापन तिथे तेच इथे, आणि शिकवणारा शिक्षक विद्यापीठाच्या विभागाने मान्य केलेला. दुसरा प्रकार म्हणजे एपी (अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट). त्यात शाळेत वर्षभर शिकून शेवटी कॉलेज बोर्ड या संस्थेची एक परीक्षा द्यायची, १ ते ५ पैकी गुण मिळवायचे आणि क्रेडिट द्यायचं की नाही हे प्रत्येक विद्यापीठाने आपापलं ठरवायचं. आपल्याकडे अनुकरण करायचं तर पहिल्या प्रकाराचं करावं. एका परीक्षेवर सगळं टांगलेली व्यवस्था आपल्याकडे आधीच पुरेशी आहे.

पुण्याची एक सोय मात्र अमेरिकेत सहसा मिळत नाही. फर्ग्युसन, स. प., मॉडर्न, गरवारे, बीएमसीसी अशा कितीतरी ठिकाणी ज्युनिअर आणि सिनिअर एकाच आवारात आहेत. अकरावीचा मुलगा आणि एस. वाय.ची मुलगी एकाच कँटीनमध्ये चहा पितात. तरीही कागदोपत्री ही दोन वेगळी जगं आहेत. ज्युनिअर कॉलेज राज्य मंडळाच्या आणि शालेय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येतं, तर सिनिअर विद्यापीठाच्या आणि उच्च शिक्षण संचालनालयाच्या. शिक्षकांची पात्रताही निराळी: इकडे पदव्युत्तर पदवीसोबत बी.एड., तिकडे नेट, सेट किंवा पीएच.डी. आवार एक असलं म्हणून परवानगीही एकच लागेल, असं गृहीत धरू नका.

चौकट काय म्हणते

राष्ट्रीय क्रेडिट आराखडा एप्रिल २०२३मध्ये आला. त्यात शालेय आणि उच्च शिक्षण एकाच शिडीवर बसवलं आहे: दहावी म्हणजे पातळी ३, बारावी ४, पदवीचं पहिलं वर्ष ४.५. वर्षाचे १,२०० अध्ययन-तास म्हणजे ४० क्रेडिट, म्हणजेच एका क्रेडिटला ३० तास. या तासांत वर्ग, प्रात्यक्षिक, घरचा अभ्यास, परीक्षा सगळं आलं. पदवीच्या वेळापत्रकात मात्र हिशोब वर्गातल्या तासांचा असतो: थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचं ३० तास. हे दोन हिशोब एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो. २ क्रेडिटचा थिअरी अभ्यासक्रम म्हणजे वर्गात ३० तास आणि मुलाने स्वतः करायचं तेवढंच काम, हे पालकसभेत पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहावं.

मिळवलेली क्रेडिट साठवायला अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे तिचे नियम २०२१चे. त्यात क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. शाळकरी मुलांसाठी बारा अंकी अपार क्रमांक (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) आहे आणि तो डिजिलॉकरशी जोडलेला आहे.

आता खरी मेख. पदवीच्या प्रवेशाला बारावी उत्तीर्ण असणं लागतं. म्हणजे अकरावीतलं मूल तुमच्या पदवीचा विद्यार्थी होऊ शकत नाही. त्याला बिगर-पदवी विद्यार्थी म्हणून एका सुट्या अभ्यासक्रमाला घ्यायचं, आणि त्याने मिळवलेली क्रेडिट पुढे पदवीला आल्यावर ग्राह्य धरायची, असा दोन टप्प्यांचा व्यवहार आहे. दुसरा टप्पा आधी लिहून ठेवला नसेल तर पहिल्याला फक्त हौशी कार्यशाळेची किंमत उरते.

पहिली पायरी: आपलं दार कोणतं

कॉलेज स्वायत्त असेल, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवत असेल, तर स्वतःचं अभ्यास मंडळ आणि विद्या परिषद असते, आणि रस्ता बराच मोकळा असतो. अभिमत आणि खासगी विद्यापीठांचंही तसंच. कॉलेज नुसतं संलग्न असेल तर अभ्यासक्रम विद्यापीठाचा, परीक्षाही विद्यापीठाची. तुम्ही मनाने क्रेडिट देऊ शकत नाही. अशा कॉलेजने एखाद्या स्वायत्त कॉलेजशी हातमिळवणी करावी आणि आपल्या ज्युनिअरची मुलं तिकडे पाठवावीत. स्वतंत्र शाळेलाही हाच मार्ग.

तिसरा पर्याय स्वयम (केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ) आणि त्यावरच्या एनपीटीईएलचा (आयआयटींचे ऑनलाइन अभ्यासक्रम). शिकणं फुकट, परीक्षेला शुल्क. एनपीटीईएलमध्ये १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला ३ क्रेडिट, ८ आठवड्यांना २, ४ आठवड्यांना १ असा साधारण हिशोब आहे. गृहपाठाचे २५ आणि केंद्रावर होणाऱ्या परीक्षेचे ७५ गुण. होतकरू अकरावीच्या मुलाला यातला एखादा सोपा अभ्यासक्रम झेपतो. पण आयोगाच्या नियमांत स्वयमचे जे ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट धरायची मुभा आहे, ती पदवीला नोंदलेल्या विद्यार्थ्यांच्या संदर्भात आहे. प्रवेशाच्या आधी केलेल्या अभ्यासक्रमाचं काय करायचं हे ते ते कॉलेज ठरवणार. शाळेने मुलांना ‘शिकून घ्या’ एवढंच सांगावं. ‘क्रेडिट मिळेल’ असं सांगू नये.

दुसरी पायरी: ठराव

माझ्या मते निम्मं काम इथेच आहे. अभ्यास मंडळाने अभ्यासक्रम मंजूर करायचा आणि विद्या परिषदेने तो कोणासाठी खुला आहे आणि पुढे कसा धरायचा हे ठरवायचं. विद्या परिषदेच्या बैठका वर्षातून मोजक्याच होतात. पुढच्या नोव्हेंबरात वर्ग हवा असेल तर विषय या वर्षीच्या उन्हाळ्यातच पटलावर यायला हवा. मसुदा साधारण असा करता येईल:

‘महाविद्यालयाच्या अमुक या २ क्रेडिटच्या खुल्या ऐच्छिक अभ्यासक्रमास इयत्ता अकरावी व बारावीच्या विद्यार्थ्यांना बिगर-पदवी विद्यार्थी म्हणून प्रवेश देण्यात यावा. त्यांचे मूल्यमापन प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांच्याच निकषांवर व्हावे. बारावी उत्तीर्ण झाल्यापासून तीन वर्षांच्या आत सदर विद्यार्थ्याने या महाविद्यालयात प्रथम वर्षास प्रवेश घेतल्यास मिळवलेली श्रेणी व क्रेडिट ग्राह्य धरण्यात यावीत व त्यास तो अभ्यासक्रम पुन्हा करण्यास सांगू नये.’

शेवटचं वाक्य वरवर अनावश्यक वाटतं, पण तेच सगळ्यात कामाचं. क्रेडिट ‘मिळालं’ तरी वेळापत्रकातला तो तास मोकळा होत नसेल तर मुलाला त्याचा काहीच फायदा नाही. ‘या महाविद्यालयात’ हे शब्दही मुद्दाम घातले आहेत. दुसऱ्या कॉलेजवर तुमचा ठराव बंधनकारक नाही. शहरातल्या दोन-तीन स्वायत्त कॉलेजांनी एकमेकांचे ठराव मान्य केले तर मुलांना निवड मिळेल. सुरुवातीला मात्र स्वतःपुरतं बोलावं. विद्या परिषदेवर विद्यापीठाने नेमलेले सदस्यही बसतात. त्यांच्याशी बैठकीच्या आधी बोलून ठेवा. बैठकीत पहिल्यांदा ऐकलेल्या गोष्टीला माणूस आधी ‘तपासून पाहू’ असंच म्हणतो.

क्रेडिट बँकेत ही क्रेडिट कधी आणि कोणत्या नोंदीखाली चढवायची, हे विद्यापीठाच्या नोडल अधिकाऱ्याकडून लेखी घ्या. फोनवरचं ‘हो, होईल’ अधिकारी बदलला की संपतं.

दुसऱ्या शाळेची मुलं घेणार असाल तर सामंजस्य करार लागेल. त्यात वर्ग कुठे, शुल्क कोण गोळा करणार, गैरहजेरी कोणाला कळवायची, मध्येच शिक्षक बदलला तर काय, आणि करार मोडला तरी चालू तुकडी पूर्ण करण्याची जबाबदारी कोणाची, एवढं नक्की असावं. उद्देश आणि दृष्टिकोन यांवरची दोन पानं गाळली तरी चालतील.

तिसरी पायरी: विषय

इथे एक बारकी अट आहे आणि ती भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. महाराष्ट्रातल्या नव्या पदवी रचनेत खुला ऐच्छिक विषय मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा घ्यावा लागतो. आता समजा, तुम्ही सांख्यिकीचा सुंदर अभ्यासक्रम रचला आणि अकरावी सायन्सच्या मुलांनी तो केला. पुढे ती बी.एस्सी.ला आली की तो विषय त्यांच्याच विद्याशाखेतला ठरतो आणि खुल्या ऐच्छिकात बसत नाही. म्हणून विषय निवडताना हे मूल पुढे कुठे जाण्याची शक्यता आहे याचा विचार आधी करायला हवा. कॉमर्स आणि आर्ट्सच्या मुलांसाठी माहितीचं विश्लेषण किंवा पर्यावरण. सायन्सच्या मुलांसाठी व्यक्तिगत अर्थकारण, पुण्याचा नागरी इतिहास किंवा मराठीतलं विज्ञानलेखन. मूल शाखा बदलेल ही शक्यता असतेच. तीही पालकांना सांगून ठेवावी.

अभ्यासक्रम बारावीच्या पुस्तकाची पुढची आवृत्ती नसावा. ते काम क्लासवाले करतातच. मुळा-मुठेच्या पाण्याचे चार ठिकाणचे नमुने घेऊन विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा, वेताळ टेकडीवरच्या झाडांची नोंद करून तिचं कोष्टक मांडायचं, मंडईतल्या भावांची दोन महिन्यांची नोंद ठेवून सरासरी आणि मध्यक यांत फरक का पडतो ते शोधायचं: असं काही असलं की मुलाला कॉलेजमधलं शिकणं वेगळं का असतं ते कळतं. प्रात्यक्षिक घातलंत तर तास वाढतात, हे विसरू नका. एक क्रेडिट थिअरी आणि एक प्रात्यक्षिक म्हणजे १५ अधिक ३०, एकूण ४५ तास. पहिल्या वर्षी ३० तासांतच राहा.

४ क्रेडिटच्या मागे लागू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. सिनिअरच्या एका सत्रात साधारण २२ क्रेडिट असतात. त्यातली दोन हलकी झाली तरी मुलाला जाणवतात, आणि अकरावीच्या वर्षात दोनच पेलतात.

चौथी पायरी: वेळापत्रक

कॅलेंडर समोर ठेवून बघा. जून-जुलैत अकरावीची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया चालू असते, फेऱ्यांवर फेऱ्या होतात आणि मुलं ऑगस्टपर्यंत स्थिरावत नाहीत. मग गणपती. टिळक रस्ता, लक्ष्मी रस्ता, पेठांतली कॉलेजं इथे त्या दहा दिवसांत संध्याकाळचा वर्ग म्हणजे स्वप्नच. मग सहामाही, मग दिवाळी. दुसऱ्या टोकाला फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीची बोर्डाची परीक्षा, जिच्यासाठी निम्म्या इमारती जातात, आणि एप्रिलमध्ये अकरावीची वार्षिक.

म्हणून नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य ही खिडकी मला सर्वांत चांगली वाटते. बारा शनिवार, दर शनिवारी अडीच तास, म्हणजे बरोबर ३० तास. एखादा शनिवार बुडेलच, त्यासाठी एक रविवार राखून ठेवा. वेळ सकाळी साडेआठ ते अकरा. दुपारी क्लासच्या बॅचेस सुरू होतात, आणि क्लासशी टक्कर घेऊन जिंकलेलं कॉलेज माझ्या पाहण्यात नाही. मुलं हडपसर, वारजे, भोसरीहून येणार असतील तर पीएमपी बदलून यायला लागणारा वेळ धरा. वर्ग आठला ठेवलात तर लांबची मुलं तिसऱ्या आठवड्यात गळतात, आणि तीच बहुधा अशा संधीची सर्वांत जास्त गरज असलेली असतात.

ठरावात बारावीचा उल्लेख ठेवावा, कारण तो पुन्हा करून घेणं कटकटीचं. पण प्रत्यक्षात बारावीच्या मुलांना घेऊ नका. जानेवारीतली जेईई, मग बोर्ड, मग सीईटी, यात त्यांचा जीव आधीच टांगणीला असतो. दहावीनंतरच्या सुट्टीत वर्ग घ्यावा अशीही एक सूचना नेहमी येते. त्या वेळी मुलं खरंच मोकळी असतात. पण ती कोणत्या शाखेला जाणार हे ठरलेलं नसतं, आणि मे महिन्यात सिनिअरचे शिक्षक सुट्टीवर. त्या काळात क्रेडिटविना आठवड्याभराची ओळख-कार्यशाळा घ्या आणि त्यातून नोव्हेंबरची मुलं हेरा.

पाचवी पायरी: शिक्षक आणि पैसे

शिकवायला सिनिअरचा शिक्षक असावा, सोबत ज्युनिअरचा एक. सिनिअरच्या माणसाला सोळा वर्षांच्या मुलांसमोर वीस मिनिटांहून जास्त सलग बोलू नये हे ठाऊक नसतं. ज्युनिअरच्या माणसाला ते पक्कं ठाऊक असतं. दोन-तीन वर्षांनी ज्युनिअरचाच शिक्षक अभ्यास मंडळाच्या मान्यतेने स्वतंत्रपणे शिकवू शकेल, अशी तजवीज ठेवावी.

अनुदानित शिक्षकाचा कार्यभार आधीच ठरलेला असतो. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे. हा वर्ग त्यात मोजायचा की वेगळं मानधन द्यायचं, हे सुरू करण्याआधी ठरवा. नाहीतर स्टाफरूममध्ये त्याची चर्चा वर्षभर पुरते. स्वयंअर्थसहाय्यित तत्त्वावर चालवणार असाल तर हिशोब सोपा आहे. तासाला १,००० रुपये मानधन धरलं तर ३० तासांचे ३०,०००. सहशिक्षक, परीक्षा, छपाई, शिपाई यांचे १५,०००. चाळीस मुलं असतील तर माणशी सव्वाअकराशे रुपयांच्या आसपास. त्यातल्या आठ मुलांना फी माफ करायची ठरवली तर उरलेल्या बत्तिसांवर ती चौदाशेच्या घरात जाते. ही माफी मी तरी काढू देणार नाही. ज्यांच्या घरात कोणी पदवीपर्यंत पोचलेलं नाही त्यांच्यासाठी कॉलेजच्या वर्गात एकदा बसून पास होणं ही वेगळीच गोष्ट असते. फी भरू शकणाऱ्या घरातलं मूल तसंही कॉलेजला जाणारच आहे.

सहावी पायरी: मुलं आणि पालक

निवड दहावीच्या टक्क्यांवर करू नका. दोन पानांचा एखादा उतारा किंवा कोष्टक द्या आणि त्यावर मुलाला स्वतःच्या शब्दांत दहा ओळी लिहायला सांगा. मराठीत लिहिलं तरी चालेल असं अर्जावरच छापा. वर्गातलं साहित्य इंग्रजीत असलं तरी चर्चा मराठीत व्हायला हरकत नाही. उत्तरपत्रिकेची भाषा कोणती हे मात्र अभ्यासक्रमातच नमूद असावं.

पालकसभेत खरं बोला. इंजिनिअरिंग किंवा मेडिकलला जायचं ठरलेल्या मुलाला या दोन क्रेडिटचा प्रवेशात काही उपयोग नाही. तिथे सीईटी, जेईई, नीटच चालतात. तसं मूल केवळ आवडीने आलं तर स्वागतच. पण ‘पुढे फायदा होईल’ या आशेने पालकाने पाठवलेलं मूल जानेवारीत हमखास येणं थांबवतं.

मुलं अठराच्या आतली आहेत, ही गोष्ट सिनिअर कॉलेजच्या सवयीत नाही. पालकांची लेखी संमती घ्या. २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यातही अठराखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती अपेक्षित आहे. पॉक्सो कायद्यातल्या जबाबदाऱ्या वर्गावर जाणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगा, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकालाही आणि प्रयोगशाळा सहायकालाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर समन्वयक हवाच. शिक्षकाने मुलांना वैयक्तिक मेसेज करायचे नाहीत, हा नियम कोणाचाही अपमान न मानता सगळ्यांना सारखा लावावा. नदीवर किंवा टेकडीवर नेणार असाल तर वेगळं संमतिपत्र घ्या आणि सोबत शिक्षिका ठेवा.

सोडून जाण्याची मुदतही पहिल्या दिवशी सांगा. चौथ्या शनिवारपर्यंत मूल कुठल्याही नोंदीविना बाहेर पडू शकतं. नापास झालं तर ती श्रेणी पुढे नेली जाणार नाही, असंही लिहून द्या. अमेरिकेत हायस्कूलमध्ये मिळालेली नापास श्रेणी कॉलेजच्या गुणपत्रकावर कायमची राहते आणि पुढे त्रास देते. तो भाग आपण उचलायचं काही कारण नाही.

सातवी पायरी: परीक्षा आणि त्यानंतरचे कागद

२ क्रेडिटला ५० गुण. अंतर्गत १५ आणि सत्रांत ३५ अशी विभागणी अनेक ठिकाणी असते. तुमच्या कॉलेजात जी असेल तीच इथेही ठेवा. प्रश्नपत्रिका प्रथम वर्षाच्याच काठिण्याची, आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला ही ज्युनिअरच्या मुलाची आहे हे कळू नये अशा बेताने क्रमांक दिलेल्या. ‘लहान आहेत, सोडा’ म्हणून दिलेले पाच गुण पुढे ठरावावरचा विश्वासच खातात. हजेरी ७५ टक्के, त्यातही सवलत नाही.

निकालाआधी एक कंटाळवाणं काम उरकून घ्या, ते म्हणजे नावांची पडताळणी. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधारवर बहुधा नाव आधी. कुठे वडिलांचं नाव अर्धवट, कुठे इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. अपार आणि डिजिलॉकरच्या नोंदी आधारशी जुळाव्या लागतात. ही तपासणी डिसेंबरमध्ये केली तर पालकांना दुरुस्तीला वेळ मिळतो. निकालाच्या आठवड्यात केली तर क्रेडिट अडकतं.

प्रमाणपत्रावर अभ्यासक्रमाचा सांकेतिक क्रमांक, क्रेडिट, तास, श्रेणी आणि विद्या परिषदेच्या ठरावाचा क्रमांक व तारीख छापा, आणि पाठीमागे ठरावाची साक्षांकित प्रत जोडा. तीन प्रती काढा: एक मुलाला, एक ज्युनिअरच्या कार्यालयात, एक परीक्षा विभागात. त्याच आठवड्यात सिनिअरच्या प्रवेश विभागातल्या क्लार्कना बोलावून हा कागद कसा दिसतो ते दाखवून ठेवा. जूनमध्ये खिडकीवर मूल उभं असेल तेव्हा तिथे ना विभागप्रमुख असतील ना प्राचार्य.